मेनफ्रेमवरील माहितीची नक्कल : कोणते साधन केव्हा वापरावे?

दौंड, प्रतिनिधी – दौंड जंक्शनवर एके काळी मालाची उतराई-चढाई नित्याचीच होती. बारामतीकडून येणारा लोहमार्ग अरुंद मापाचा, तर पुणे-सोलापूर मार्ग रुंद मापाचा. त्यामुळे बारामतीहून आलेले प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. मनमाडच्या बाजूने आलेल्या वाघिणीची गोष्ट वेगळी होती. त्या मार्गाचे माप तेच असल्याने वाघिणीचे सील तोडण्याचे कारण नसे; पुण्याकडे जायचे तर इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले की गाडी उलट दिशेने निघे. पहिल्या प्रकारात वेळ लागतो, पण प्रत्येक पोते नजरेखालून जाते आणि फाटके पोते बाजूला काढता येते. दुसऱ्या प्रकारात वेळ वाचतो, मात्र आत काय आहे ते कुणी पाहत नाही.

मोठ्या संगणकांवर, म्हणजे मेनफ्रेमवर, माहितीची नक्कल करणाऱ्या ज्या तयार आज्ञावली असतात त्यांच्यातील भेद नेमका हाच आहे. त्यांना युटिलिटी प्रोग्राम म्हणतात. काही युटिलिटी पोते-पोते उचलतात, काही सबंध वाघीण ओढून नेतात.

हा विषय दौंडकरांना परका वाटण्याचे कारण नाही. पाटस, केडगाव, यवत, उरुळी, लोणी अशी स्थानके घेत हडपसर आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांतून तालुक्यातील तरुण संगणक कंपन्यांत नोकरीसाठी रोज ये-जा करतात. त्यांतील काहींच्या वाट्याला कोबोल, जेसीएल आणि मेनफ्रेम हे काम येते. मुलगा 'मेनफ्रेमवर' आहे एवढे घरच्यांना ठाऊक असते. ते यंत्र सातासमुद्रापलीकडे असून मुलगा येथून रात्री जागून त्याची देखभाल करतो, हे मात्र बहुतेकांना नीटसे उमगलेले नसते. नोकरीच्या मुलाखतीत 'या संचाची नक्कल करायची आहे, कोणती युटिलिटी वापराल?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. शिकवणी वर्गांत पाच-सहा नावे पाठ करून घेतली जातात. निवड कशी करावी हे मात्र फारसे शिकवले जात नाही, आणि नेमकी तिथेच चूक महागात पडते.

साठ वर्षांची परंपरा

आयबीएम कंपनीने 'सिस्टिम/३६०' ही संगणकमालिका ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केली. आजच्या आयबीएम मेनफ्रेमचे घराणे तेथून सुरू होते. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळातील बलाढ्य संगणक आला. पुढे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील गाशा गुंडाळला. मात्र मेनफ्रेमवरचे काम भारतीयांच्या हातून सुटले नाही. सन २००० च्या 'वायटूके' प्रश्नाने तर कोबोल जाणणाऱ्यांना अचानक सोन्याचा भाव आला आणि पुण्या-मुंबईतील कित्येक अभियंते या क्षेत्रात स्थिरावले. आयबीएमने २०२५ मध्येही 'झेड१७' हे नवे मेनफ्रेम बाजारात आणले. परदेशातील मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांचे रात्रीचे हिशेब आजही अशाच यंत्रांवर चालतात.

रात्रीच्या या हिशेबांना 'बॅच' म्हणतात. दिवसभराचे व्यवहार रात्री एकामागून एक चालणाऱ्या कामांतून (जॉब) खात्यांवर चढवले जातात. त्यात कुठेतरी खंड पडला तर काय होते, हे जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात दिसले. तेथे नकलेची युटिलिटी चुकली नव्हती, कामांचा क्रम लावणारी आज्ञावली अद्ययावत करताना गोंधळ झाला होता. परंतु त्याची झळ ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना बसली, पगार आणि देयके अडकली आणि २०१४ मध्ये तेथील नियामकांनी समूहाला एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड ठोठावला. रात्रीच्या कामांत नकलेचे टप्पे जागोजागी असतात, म्हणून हे उदाहरण येथे दिले.

आधी संच ओळखावा

मेनफ्रेमवर ज्याला फाइल म्हणावे त्याला डेटासेट, म्हणजे माहितीसंच, असे नाव आहे. त्याचे तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. पहिला सरळ क्रमाने लिहिलेला, म्हणजे सिक्वेन्शियल. एकापुढे एक नोंदी, जशी वहीची पाने. दुसरा प्रकार ग्रंथालयासारखा. त्याला पीडीएस किंवा लायब्ररी म्हणतात. त्याच्या आरंभी निर्देशिका असते आणि आत अनेक 'मेंबर' असतात. कार्यक्रमांचे मूळ लेखन येथे ठेवतात. तिसरा व्हीसॅम. यात किल्लीच्या, उदाहरणार्थ खाते क्रमांकाच्या, आधारे हवी ती नोंद थेट गाठता येते.

सोयीसाठी एक उदाहरण कल्पू. दौंड तालुका उसाचा. एखाद्या कारखान्याच्या ऊसबिलाचा हिशेब मेनफ्रेमवर आहे असे समजा. सभासदाचा क्रमांक, नाव, गाव, टनेज आणि देय रक्कम अशी प्रत्येकी ८० बाइटची एक नोंद, अशा एक लाख नोंदी. ही संख्या निव्वळ हिशेबापुरती घेतलेली आहे.

या संचाची जशीच्या तशी प्रत हवी असेल तर बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते आयईबीजेनरचे. ही अत्यंत जुनी आणि साधी युटिलिटी आहे. 'सिसयूटी१' या नावाने मूळ संच द्यायचा, 'सिसयूटी२' या नावाने नवा संच द्यायचा आणि सूचनांची जागा रिकामी सोडायची. बस्स, प्रत तयार! नोंदींतील रकाने मागेपुढे करणेही तिला जमते, पण त्यासाठी लिहाव्या लागणाऱ्या सूचना इतक्या किचकट की आज सहसा कुणी त्या वाटेला जात नाही. मूळ संचाची आणि नव्या संचाची नोंदीची लांबी जुळत नसेल तर ती काम नाकारते. अनेक ठिकाणी आयईबीजेनर हे नाव लिहिले तरी प्रत्यक्षात आइसजेनर धावते. ती सॉर्ट उत्पादनाचा वेगवान मार्ग वापरते आणि काम तिच्या आवाक्याबाहेरचे असले की मुकाट्याने जुन्या जेनरकडे सोपवते.

येथे जागेचा एक हिशेब पाहण्यासारखा आहे. तबकडीवरील जागा 'ट्रॅक'मध्ये मोजतात. ३३९० या प्रकारच्या तबकडीवर ८० बाइटच्या नोंदी सुट्या-सुट्या लिहिल्या तर एका ट्रॅकवर अवघ्या ७८ मावतात, कारण प्रत्येक नोंदीभोवती मोकळी जागा सोडावी लागते. त्याच नोंदी २७,९२० बाइटच्या गठ्ठ्यांनी लिहिल्या तर ट्रॅकवर ६९८ मावतात. म्हणजे आपल्या एक लाख नोंदींना पहिल्या पद्धतीने १,२८३ ट्रॅक लागतील आणि दुसऱ्या पद्धतीने १४४. नक्कल करताना गठ्ठ्याच्या आकाराकडे दुर्लक्ष केले तर जुना लहान आकारच पुढे चालू राहू शकतो. मग मध्यरात्री जागा संपते आणि 'बी३७' या कुप्रसिद्ध संकेताने काम कोसळते. या बाबतीत युटिलिटीला दोष देण्यात अर्थ नसतो.

एका कंसाची किंमत

जेनरला सबंध लायब्ररी समजत नाही, लायब्ररीतील एखादा मेंबर तेवढा समजतो. मेंबरचे नाव संचाच्या नावापुढे कंसात लिहायचे असते. तो कंस लिहायचा राहिला तर? मूळ संच सरळ क्रमाचा आणि नव्या संचाच्या जागी जुन्या पद्धतीच्या सबंध लायब्ररीचे नाव, अशी अवस्था झाली की लिखाण थेट लायब्ररीच्या निर्देशिकेवर होण्याचा धोका असतो. ग्रंथालयातील पुस्तके जागच्या जागी, परंतु सूचीच फाडून टाकलेली! शेकडो कार्यक्रम तबकडीवर असूनही कोणता कोठे आहे हे यंत्राला सांगता येत नाही. मग आदल्या रात्रीची सुरक्षित प्रत शोधण्यासाठी धावाधाव सुरू होते आणि ती मिळाली तरी दिवसभरात झालेले बदल हातचे गेलेले असतात.

लायब्ररीसाठी आयईबीकॉपी हेच योग्य साधन होय. सबंध लायब्ररी, निवडक मेंबर, किंवा काही मेंबर वगळून उरलेले, असे तिन्ही प्रकार तिला जमतात. दोन लायब्रऱ्या एकत्रही करता येतात. मात्र एक खुबी ध्यानात ठेवावी. नव्या लायब्ररीत त्याच नावाचा मेंबर आधीच असेल, तर तो बदलण्याची स्पष्ट सूचना दिल्याखेरीज ती जुन्याला हात लावत नाही. दुरुस्त केलेला कार्यक्रम पाठवला, काम संपले, आणि सकाळी पाहावे तो जुनाच कार्यक्रम चालू, हा अनुभव नवख्यांना हटकून येतो. यावर उपाय एवढाच की, संदेशांची यादी वाचावी. ती वाचायचा कंटाळा ही या व्यवसायातील सर्वांत पसरलेली खोड आहे.

आयईबीकॉपीचे दुसरे काम म्हणजे लायब्ररी दाबून बसवणे. मेंबर बदलला की जुन्याची जागा लगेच मोकळी होत नाही, ती पडून राहते. अशी अडगळ काढण्यासाठी मूळ आणि नवा संच एकच देतात आणि आयईबीकॉपी मेंबर पुढे सरकवून जागा मोकळी करते. हे काम चालू असताना यंत्र बंद पडले किंवा कुणी घाईने जॉब रद्द केला, तर लायब्ररी अर्धवट अवस्थेत अडकते. म्हणूनच आधी प्रत काढायची, आणि संचावर त्या वेळेपुरता पूर्ण ताबा घ्यायचा. इतरांना वाचायला मोकळीक ठेवून ही कामगिरी करणे म्हणजे प्रवासी बसलेले असताना डबा रुळावरून हलवणे. पीडीएसई या नव्या प्रकारच्या लायब्ररीत ही कटकट उरलेली नाही.

व्हीसॅमचा वेगळा न्याय

व्हीसॅम संचापुढे जेनर हतबल ठरते. तेथे आयडीकॅम्स आणि तिची 'रिप्रो' ही आज्ञा. रिप्रो सरळ संचातून व्हीसॅममध्ये, व्हीसॅममधून सरळ संचात आणि व्हीसॅममधून व्हीसॅममध्येही नक्कल करते. अमुक किल्लीपासून तमुक किल्लीपर्यंतच्याच नोंदी, किंवा पहिल्या हजार वगळून पुढच्या पाचशे, अशी मागणीही ती पुरी करते. परंतु ती नोंदी वाहून नेते, घर बांधून देत नाही. नवा व्हीसॅम संच आधी वेगळ्या आज्ञेने उभारावा लागतो. रिकाम्या संचात भरताना नोंदी किल्लीच्या क्रमाने लावलेल्या असाव्या लागतात, नाहीतर तक्रारींची रांग लागते.

येथेच दोन शब्दांची गल्लत फार होते. 'रिप्लेस' म्हटले तर किल्ली जुळणारी जुनी नोंद नव्याने बदलते आणि बाकीच्या जुन्या नोंदी जागेवर राहतात. 'रियूज' म्हटले तर, संच तशा रीतीने उभारलेला असल्यास, तो आधी रिकामा समजून पहिल्यापासून भरला जातो. ऊसबिलाच्या संचात आजच्या पाचशे दुरुस्त्या चढवायच्या असताना 'रिप्लेस'ऐवजी 'रियूज' पडले, तर उरतात त्या फक्त पाचशे नोंदी. बाकी साडेनव्याण्णव हजार सभासदांचे काय, याचे उत्तर सुरक्षित प्रत असेल तरच देता येते.

नक्कल करतानाच काही नोंदी निवडायच्या असतील, समजा केवळ पाटस गावच्या, किंवा रकाने नव्याने मांडायचे असतील, तर सॉर्ट हे सर्वोत्तम साधन, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत झाले आहे. नाव सॉर्ट असले तरी 'क्रम लावू नकोस, फक्त नक्कल कर' असे तिला सांगता येते. मग अट घालून नोंदी घेणे, गाळणे, रकाने हलवणे, एकाच वाचनात चार वेगवेगळे संच लिहिणे हे सारे दोन-तीन ओळींत होते. यासाठी वेगळा कोबोल कार्यक्रम लिहिणारे अजूनही आढळतात. तो लिहा, तपासा, मंजूर करून घ्या, यात आठवडा जातो.

आणि एक-दोन नव्हे, शेकडो संच एका तबकडीवरून दुसरीकडे न्यायचे असतील तर? तेथे एडीआरडीएसएसयू. आरंभीच्या उदाहरणातील सबंध वाघीण ओढणारे इंजिन ते हेच. नावांचा नमुना दिला की त्यात बसणारे सरळ संच, लायब्रऱ्या, व्हीसॅम असे सर्व प्रकार ती एकाच कामात उचलते, हवे तर नवी नावेही देते. सबंध तबकडीची प्रत घेणे आणि 'डंप' करून पुढे गरज पडेल तेव्हा परत बसवणे हे तिचे मुख्य काम. मात्र तिने केलेला डंप दुसऱ्या कोणत्याही युटिलिटीला वाचता येत नाही, आणि एकेक नोंद निवडून घेणे हे तिचे कामच नव्हे. आयईएचमूव्ह ही जुनी युटिलिटी पुस्तकांतून अजून दिसते. नव्या कामासाठी तिचा विचार करू नये.

पुन्हा चालवलेले काम

साधन बरोबर निवडले तरी घात होऊ शकतो, तो नव्या संचाच्या स्थितीबद्दल दिलेल्या एका शब्दाने. 'मॉड' असे लिहिले की नव्या नोंदी आधीच्या नोंदींच्या शेवटी जोडल्या जातात. रोजची भर घालण्यासाठी हे सोयीचे. पण ६० हजार नोंदी लिहून झाल्यावर जागा संपून काम कोसळले, रात्रपाळीवरील माणसाने जागा वाढवून तेच काम पुन्हा चालवले, तर काय होईल? आधीचे ६० हजार तेथेच आहेत, त्यापुढे पुन्हा सगळे एक लाख जोडले जातील. ६० हजार सभासदांच्या नावे दोनदा बिल! या वेळी काम विनातक्रार संपलेले असते, संकेत शून्य असतो. पहाटे तीन वाजता झोपेशी झगडणाऱ्या मुलाकडून ही चूक होणे अवघड नाही. म्हणून जाणकार मंडळी नक्कल करण्याच्या टप्प्याआधी जुना अर्धवट संच काढून टाकणारा एक टप्पा घालतात, म्हणजे काम कितीदाही चालवले तरी फळ एकच.

तितकाच फसवा प्रकार यंत्राबाहेर माहिती पाठवताना घडतो. मेनफ्रेम अक्षरे एब्सिडिक या संकेतात ठेवते, घरातील संगणक आस्की किंवा त्यावर आधारित संकेतात. म्हणून पाठवताना भाषांतर होते. नाव, गाव यांच्यासाठी ते आवश्यकच. परंतु रकमा बहुधा 'पॅक्ड' पद्धतीने, एका बाइटमध्ये दोन अंक अशा कोंबलेल्या असतात. सात अंकी रकमेला चिन्हासह चार बाइट पुरतात. १२,४०० ही रक्कम अशा चार बाइटमध्ये मांडली तर तिसऱ्या बाइटमध्ये ४ आणि ० हे अंक येतात. एब्सिडिकमध्ये ४० हा मोकळ्या जागेचा संकेत! भाषांतर करणारी आज्ञावली त्याला मोकळी जागा समजते आणि आस्कीतील मोकळ्या जागेचा संकेत, म्हणजे २०, तेथे ठेवते. उरलेले तीन बाइट योगायोगाने तसेच राहतात. पलीकडे रक्कम वाचली जाते ती १२,२००. ती रक्कम तितकीच खरी दिसते. कोठेही चूक नोंदवली जात नाही आणि सभासदाचे दोनशे रुपये हवेत विरतात. अशा संचासाठी एक तर भाषांतराविना पाठवणे, नाहीतर आधी सॉर्टच्या साह्याने रकमा साध्या वाचनीय अंकांत उलगडून मग पाठवणे, हेच दोन मार्ग.

शून्य संकेत आला म्हणजे नक्कल बिनचूक झाली, हा समज त्यामुळेच सोडायला हवा. येथे आयईएफबीआर१४ची जुनी कथा आठवते. काहीही न करणारी ही आज्ञावली. तिच्या निमित्ताने संच निर्माण करणे किंवा काढून टाकणे एवढेच साधायचे. प्रथम ती एकाच सूचनेची होती : 'परत जा'. पण परतताना संकेताची जागा स्वच्छ करायची राहिल्याने काहीच न करणारा हा कार्यक्रम भलताच संकेत घेऊन परत येऊ शकत असे. मग एक सूचना वाढवावी लागली.

मूळ संच काढून टाकण्यापूर्वी निदान दोन गोष्टी पाहाव्यात. नोंदींची संख्या दोन्हीकडे जुळते का, आणि रकमेच्या रकान्याची बेरीज दोन्हीकडे तीच येते का. संख्या आणि बेरीज दोन्ही सॉर्ट कुटुंबातील साधनांनी काढता येतात. त्याहून खात्री हवी असेल तर आयईबीकॉम्पर ही युटिलिटी दोन संच नोंद-नोंद पडताळून पाहते. फरक सापडला तर ती संकेत ८ देते, आणि लागोपाठ दहा नोंदी जुळल्या नाहीत की पुढचे पाहणे सोडून थांबते. ऊसबिलासारख्या संचासाठी हा टप्पा वाढवला तर रात्रीच्या कामात काही मिनिटांची भर पडते.